शाहीर रामजोशी

सोलापूरच्या एका शास्त्रीपंडितांच्या घराण्यात सुमारे १७६२ साली रामजोशी यांचा जन्म झाला. वडीलबंधू मुद्गल जोशी नामांकित पुराणिक होते; परंतु धाकट्या रामाचे चित्त पोथीत रमत नसे. गावात धोंडी शाहिराचा तमाशाचा फड होता. ढोलकीवर थाप पडली आणि नाच्या पोराच्या पायांतील घुंगरू वाजू लागले, की राम तिकडे धाव घेई. लावणी म्हणजे नुसते गाणे नव्हे. शब्द, ताल आणि पदन्यास यांचा तो मेळ! तो रामाने येथेच ओळखला. पण ब्राह्मणाच्या मुलाने तमाशात जाणे म्हणजे त्या काळी कुळाला बट्टा लावणेच. बंधूंनी त्याला घराबाहेर काढले.

राम पंढरपुरास गेला. तेथे संस्कृत काव्याचे अध्ययन करून तो विद्वान होऊन परतला. कीर्तनकार म्हणून त्याची कीर्ती झाली. आता घराण्याला साजेसा मान मिळत होता. तरीही रामजोशींनी पुन्हा डफ हाती घेतला, आणि या वेळी आपली सारी विद्या त्यांनी फडावर आणली. संस्कृत वृत्तांचा डौल व यमकांचा थाट लावणीत आला. सोलापूरच्या बाजारात कानडी आणि तेलुगूही कानी पडत. त्या भाषाही त्यांनी मराठीबरोबर लावणीत गुंफल्या.

बारामतीचे पंडितकवी मोरोपंत यांनी या तमासगीर शाहिराशी स्नेह जोडला. मोरोपंतांच्या आर्या रामजोशींनी कीर्तनांतून लोकांपर्यंत पोहोचविल्या. १८१२ च्या सुमारास ते निवर्तले. १९४७ साली त्यांच्या जीवनावर ‘लोकशाहीर रामजोशी’ हा बोलपट निघाला, आणि त्यांची लावणी घुंगरांच्या तालावर पुन्हा रंगली.