डॉ. रखमाबाई यांचे धैर्य

बडोद्याहून मुंबईस जाताना वाटेत सुरत लागते. तेथील स्त्रियांच्या रुग्णालयात १८९५ पासून अनेक वर्षे डॉ. रखमाबाईंनी सेवा केली. त्या ख्रिस्ती नव्हत्या. तरी त्यांचे चरित्र आपल्या मंडळ्यांतून सांगितले जावे असे आम्हांस वाटते.

रखमाबाईंचा जन्म १८६४ साली मुंबईस झाला. लहानपणीच वडील वारले. आई जयंतीबाईंनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लावण्यात आले. पण एवढ्या कोवळ्या मुलीस नांदावयास पाठविण्यास डॉ. सखाराम यांनी नकार दिला. माहेरी राहून, फ्री चर्च मिशनच्या ग्रंथालयातील पुस्तके वाचून त्या शिकल्या.

१८८४ साली दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. तो दिवस पाहावयास डॉ. सखाराम राहिले नव्हते. त्याच वर्षी रखमाबाईंनी टोपणनावाने वर्तमानपत्रात पत्रे लिहून बालविवाहाचे दुःख जगापुढे मांडले. पुढे अपील झाले आणि मार्च १८८७ मध्ये हुकूम सुटला : नवऱ्याकडे जावे, नाही तर सहा महिने कैद भोगावी. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखविली. 'केसरी'ने टीकेची झोड उठविली, तरी त्या डगमगल्या नाहीत. अखेर १८८८ साली दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी दावा सोडला. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या, आणि सुरत व राजकोट येथे आयुष्यभर स्त्रियांच्या उपयोगी पडल्या. १९५५ साली त्यांचे निधन झाले.

या खटल्याने उठलेल्या वादातून १८९१ चा संमतिवयाचा कायदा होण्यास मदत झाली. बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी १९०४ साली बालविवाह प्रतिबंधक कायदा केला, तर १९३१ साली हिंदू स्त्रियांस घटस्फोटाचा मार्ग खुला झाला. २००५ च्या कायद्याने तर घरात मारहाण सोसणाऱ्या स्त्रीस संरक्षण मागण्याचा हक्क दिला आहे.

परंतु कायदा दूर असतो, माहेरचे दार जवळ असते. रखमाबाईंचे धैर्य मोठे खरे. पण ते धैर्य टिकले, कारण एका सावत्र पित्याने आपले दार लावून घेतले नाही. मार खाऊन आलेल्या लेकीची समजूत घालून तिला परत पाठविण्याचे काम पुष्कळदा मंडळीतील वडीलधाऱ्यांवरच येते. अशा वेळी, वडीलधाऱ्यांनो, आधी तिला बसावयास सांगा, तिचे सर्व ऐकून घ्या, आणि परत जावे की न जावे हे तिला ठरवू द्या.