गळ आणि राजमुकुट : कल्याणीचा राजा सोमेश्वर

गळाने मासे धरण्याचा छंद नव्याने लागलेल्या माणसापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो साधनांचा. काठी किती लांबीची घ्यावी, दोरी किती जाड असावी, रीळ कोणते निवडावे, आमिष खरे लावावे की लाकडाचा वा प्लॅस्टिकचा खोटा मासा वापरावा? दुकानात गेल्यास या प्रश्नांची उत्तरे किमतीच्या चिठ्ठीवर मिळतात. पवई तलावाच्या काठी वर्षानुवर्षे बसलेला जाणता शौकीन मात्र उलट प्रश्न करतो : मासा कोणता धरायचा आहे? तो कुठे राहतो आणि काय खातो? याच क्रमाने या छंदाचा विचार करून तो ग्रंथात नोंदवून ठेवणारा एक राजा बाराव्या शतकात दख्खनवर राज्य करीत होता. त्याचे नाव सोमेश्वर. इतिहासात तो कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर म्हणून ओळखला जातो.

मुंबईच्या उपनगरांतील वाचकाची या नावापाशी दोनदा फसगत होण्याचा संभव आहे. सोमेश्वराची राजधानी कल्याणी म्हणजे मुलुंड-ठाण्यापलीकडचे कल्याण नव्हे. कर्नाटकातील बिदर जिल्ह्यात, मराठी आणि कानडी शेजारी नांदतात त्या सीमाभागात असलेले आजचे बसवकल्याण ती होय. बोरिवलीजवळच्या एक्सरच्या वीरगळांवर आरमारी लढाई कोरलेली आहे. अनेक अभ्यासक तिचा संबंध ज्या सोमेश्वराशी जोडतात, तोही हा नव्हे. तो ठाण्याच्या शिलाहार घराण्यातील शेवटचा राजा. यादव महादेवाशी झालेल्या संघर्षात तेराव्या शतकात त्याचा अंत झाला. कल्याणीचा सोमेश्वर त्याच्या सव्वाशेहून अधिक वर्षे आधीचा.

सोमेश्वराचा पिता सहावा विक्रमादित्य हा या घराण्यातील सर्वांत प्रतापी राजा. त्याने १०७६ ते ११२६ अशी पन्नास वर्षे राज्य केले आणि स्वतःच्या नावाने चालुक्य-विक्रम संवत सुरू केला. काश्मीरचा कवी बिल्हण त्याच्या आश्रयाला आला आणि त्याने राजाचे चरित्र काव्यात गुंफले. हिंदू कायद्याच्या इतिहासात ज्याचे नाव आजही घेतले जाते तो मिताक्षरा हा टीकाग्रंथ विज्ञानेश्वराने याच राजाच्या काळात लिहिला. कऱ्हाडच्या शिलाहार घराण्यातील चंद्रलेखा ही विक्रमादित्याची राणी होती. राजवाड्यात एकीकडे रणांगणाच्या वार्ता आणि दुसरीकडे पोथ्यांचा सहवास, अशा वातावरणात सोमेश्वर वाढला. ११२६-२७ च्या सुमारास तो गादीवर आला. भूलोकमल्ल हे बिरुद त्याने धारण केले आणि त्याच्या विद्याव्यासंगामुळे सर्वज्ञ ही पदवीही त्याच्या नावाला जोडली गेली.

वारशात मिळालेले साम्राज्य मोठे होते, परंतु त्याचे सांधे खिळखिळे होऊ लागले होते. दक्षिणेत होयसळ विष्णुवर्धन स्वतंत्र होण्याच्या खटपटीत होता. पूर्वेकडे काकतीय बळावत होते आणि वेंगीचा प्रदेश चोळांनी परत मिळवला. कोकणातही स्वस्थता नव्हती. विक्रमादित्याचा जावई असलेल्या गोव्याच्या कदंब जयकेशीने उत्तर कोकणावर आक्रमण केले होते. ठाण्याचा शिलाहार राजा अपरादित्य याने ते संकट परतवून आपले राज्य सावरले, ते सोमेश्वर गादीवर आला त्याच सुमारास. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत पसरलेली आजची उपनगरे ज्या साष्टी बेटावर वसली आहेत, ते जुन्या लेखांतील षट्षष्टी, म्हणजे सहासष्ट गावांचा मुलूख, याच अपरादित्याच्या ताब्यात होते. योगायोग असा, की अपरादित्यही विद्याव्यासंगी होता. याज्ञवल्क्यस्मृतीवरील अपरार्क ही प्रसिद्ध टीका त्याच्या नावावर आहे आणि काश्मीरच्या पंडितसभेत त्याने आपला दूत पाठवला होता.

अशा अस्थिर काळात सोमेश्वराने हाती घेतलेले सर्वांत मोठे काम म्हणजे एक ग्रंथ. मानसोल्लास किंवा अभिलषितार्थचिंतामणी या नावांनी तो ओळखला जातो. ग्रंथातील खगोलगणितासाठी शके १०५१, म्हणजे इसवी सन ११२९, हे वर्ष आधारभूत धरलेले असल्याने त्याचा काळ निश्चित करता येतो. वीस प्रकरणांची एक विंशती, अशा पाच विंशती आणि एकूण शंभर प्रकरणे अशी त्याची रचना आहे. राज्य कसे मिळवावे येथून प्रारंभ होऊन ते स्थिर कसे करावे, राजाने उपभोग कोणते घ्यावेत, मनोरंजन कसे करावे आणि खेळ कोणते खेळावेत, असा त्याचा प्रवास आहे. सैन्य, कोश, मंत्री, हत्ती, औषधे, रत्ने, चित्रकला, पाककला, संगीत, नृत्य असा क्वचितच एखादा विषय त्यातून सुटला असेल.

यातील चौथी विंशती विनोदांची, म्हणजे रंजनप्रकारांची आहे. मल्लांच्या कुस्त्या, हत्ती-घोड्यांचे खेळ, कोंबड्यांच्या झुंजी, ससाण्याची शिकार, कथा आणि गायन यांच्या पंक्तीत राजाने मत्स्यविनोद, अर्थात गळाने मासे धरण्याचा खेळ, आणून बसवला. पोटासाठी मासेमारी करणाऱ्यांचे ज्ञान पिढ्यानपिढ्या तोंडी चालत आले होते. त्याची लेखी शास्त्रात क्वचितच गणना होई. सोमेश्वराने त्या ज्ञानाला राजग्रंथात स्थान दिले, आणि तेही व्याकरण किंवा रत्नपरीक्षेला द्यावे त्याच गांभीर्याने.

या प्रकरणाचा क्रमच मुळात लक्षात घेण्याजोगा आहे. राजा काठीपासून आरंभ करीत नाही. आधी तो मासे सांगतो. सुमारे पस्तीस प्रकारच्या माशांची नावे तेथे येतात. समुद्रातले आणि नदीतले, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे, मोठे, मध्यम आणि लहान अशी त्यांची वर्गवारी केलेली आहे. रोहित म्हणजे आपला रोहू आणि पाठीन अशी काही नावे आजही ओळखू येतात. काही नावांचे मासे कोणते, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. त्यानंतर येतो तो माशांच्या अन्नाचा विचार. कोणता मासा पिठाच्या आणि पेंडीच्या गोळ्यांना भुलतो, कोणाला मांस लागते, हे ठरवून पाण्यात नेमक्या जागी खाद्य टाकायचे आणि माशांना त्या जागेची सवय लावायची. काठी, दोरी आणि गळ यांचा विषय यानंतरचा. शेवटी मासा लागल्यावर त्याला खेळवून, थकवून काठावर कसे आणावे याची रीत.

या क्रमामागचे कारण गळ हाती धरणाऱ्या कोणालाही पटेल. तळाशी चरणाऱ्या शाकाहारी माशाला चमचमणारा धातूचा तुकडा दाखवून उपयोग नाही. त्याला मळलेल्या पिठाचा गोळा हवा. लहान माशांवर झडप घालणाऱ्या शिकारी माशाला मात्र निपचित पडलेल्या गोळ्यापेक्षा जखमी माशासारखी वेडीवाकडी हालचाल अधिक ओढून घेते. मनोरी-गोराईच्या खाडीत सापडणारा जिताडा हा याच दुसऱ्या जातीचा. अमेरिकेतील शौकीन ज्या बास माशासाठी लाकडी आणि प्लॅस्टिकच्या खोट्या माशांनी भरलेल्या पेट्या बाळगतात, त्याच्याशी जिताड्याच्या शिकारीची रीत जुळते. इंग्रजीत त्याला आशियाई समुद्री बास असेच म्हणतात. मोठ्या, जोरकस माशासाठी कण्याला ताठ असलेली काठी आणि घासली तरी न तुटणारी दोरी लागते. लहान माशासाठी तीच काठी निरुपयोगी, कारण माशाचा हलका स्पर्श हातापर्यंत पोहोचतच नाही. काठी, दोरी आणि गळ या तिघांपैकी एक जरी माशाच्या बळाशी विसंगत असला, तरी उरलेल्या दोघांचे मोल शून्य होते. साधने बदलली, तरी त्यांची निवड करणारा तर्क नऊ शतकांपूर्वीचाच आहे.

काळाच्या मोजपट्टीवर हे प्रकरण ठेवले म्हणजे त्याचे महत्त्व अधिक स्पष्ट होते. गळाच्या मासेमारीवरील इंग्रजीतील पहिला छापील निबंध १४९६ सालचा. आयझॅक वॉल्टनचा जगप्रसिद्ध ग्रंथ १६५३ मध्ये आला. दोरी गुंडाळण्याच्या रिळाचे सर्वांत जुने मानले जाणारे चित्र चिनी चित्रकार मा युआन याचे, ११९५ च्या सुमाराचे. हिंदुस्थानातील गळाच्या मासेमारीवर हेन्री सुलिवन थॉमस या इंग्रज अधिकाऱ्याने लिहिलेले गाजलेले पुस्तक १८७३ मध्ये मंगळूरला छापले गेले. सोमेश्वराचा ग्रंथ या सर्वांच्या आधीचा आहे.

तरीही इतिहासकारांचा निकाल त्याच्याविषयी फारसा उदार नाही. बापाने जिंकलेले राज्य मुलाने पोथ्या आणि करमणुकीत गमावले, असा ठपका त्याच्यावर सहज ठेवता येतो, आणि त्यात तथ्य मुळीच नाही असेही नाही. सामंत डोके वर काढीत असताना राजा माशांच्या खाद्याची यादी करीत होता, हे चित्र डोळ्यांपुढे आणल्यावर अस्वस्थ वाटते. ११३८ मध्ये सोमेश्वराची कारकीर्द संपली. पुढे वीस वर्षांच्या आतच कलचुरी बिज्जळाने कल्याणीची सत्ता बळकावली आणि शतक सरता सरता देवगिरीचे यादव आणि होयसळ यांनी चालुक्यांचा मुलूख वाटून घेतला. पित्याचे चरित्रही सोमेश्वराने विक्रमांकाभ्युदय या नावाने लिहावयास घेतले होते. ते अपुरे राहिले.

मात्र या ठपक्याला दुसरी बाजू आहे. विक्रमादित्याने पन्नास वर्षे लढून राखलेल्या सीमा त्याच्यामागे टिकल्या नाहीत. सोमेश्वराने लिहून ठेवलेले मात्र टिकले. मांडे, वडे आणि इडलीचा पूर्वज म्हणता येईल असा पदार्थ बाराव्या शतकातील पाकशाळेत कसा होत असे, चिंच, हळद आणि मीठ घालून मासा कसा शिजवला जाई, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गात असत, हे आज सांगता येते ते या राजाने नोंदवून ठेवले म्हणून. राजवाड्याबाहेरच्या माणसांचे हातकसब त्याला क्षुद्र वाटले नाही. माशांची ती नावे आणि त्यांच्या खोडी राजाला कोणत्या तरी नदीकाठच्या, खाडीकाठच्या माणसांकडूनच कळल्या असणार. त्या माणसांपैकी एकाचेही नाव उरलेले नाही. त्यांचे ज्ञान मात्र या ग्रंथात उरले.

ग्रंथालाही पुन्हा प्रकाशात यायला आठशे वर्षे लागली. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत गजानन श्रीगोंदेकर यांनी संपादिलेला पहिला भाग १९२५ मध्ये आणि दुसरा १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिसरा भाग यायला १९६१ साल उजाडले. मत्स्यविनोदाचे महत्त्व मत्स्यशास्त्राच्या दृष्टीने उलगडून दाखवले ते प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी, १९५१ मधील आपल्या लेखात. चारच वर्षांनी, १९५५ मध्ये, पवईच्या काठी महाराष्ट्र स्टेट अँग्लिंग असोसिएशनची स्थापना झाली. मुंबईला पाणी पुरवण्यासाठी १८९१ मध्ये बांधलेला, परंतु पिण्यासाठी लवकरच निरुपयोगी ठरलेला हा तलाव तोवर गळाच्या शौकिनांचा झाला होता. पुढील काळात सांडपाणी आणि जलपर्णी यांनी त्याला ग्रासले. मासा ओळखा, त्याचे खाणे ओळखा, मग काठी निवडा, हा सोमेश्वराचा क्रम अशा पाण्याकाठी वेगळाच अर्थ धारण करतो. ज्या पाण्यात मासाच जगणार नाही, तेथे सर्वांत महाग रीळही शोभेची वस्तू ठरते.

मानसोल्लासात आणखी एक गोष्ट आहे, आणि मराठी वाचकाला ती विशेष जवळची वाटावी. संगीताच्या प्रकरणात सोमेश्वराने निरनिराळ्या देशभाषांतील गीते दिली आहेत. त्यात दशावतारांवरील काही रचना आहेत आणि मराठीच्या अतिप्राचीन नमुन्यांत त्यांची गणना होते. ज्ञानेश्वरीच्या दीडशेहून अधिक वर्षे आधीच्या त्या मराठीचा आरंभ होतो तो पाताळात गेलेले वेद परत आणणाऱ्या मत्स्यावताराने. बुडालेले ज्ञान वर काढणारा तो मासा, आणि लोकांच्या ओठांवरचे ज्ञान बुडू नये म्हणून ते पोथीत उतरवणारा हा राजा. भूलोकमल्ल हे बिरुद त्याला रणांगणावर पेलता आले की नाही, हा वाद इतिहासकारांनी खुशाल घालावा. पाण्याकाठी संयमाने बसून पाहणाऱ्या डोळ्यांचा मान मात्र त्याने राखला, आणि गळ हाती घेणाऱ्या प्रत्येकाने त्याबद्दल त्याचे ऋण मानायला हवे.