मेल्यानंतर १७ वर्षांनी त्याला ग्रॅमी मिळाला, तोही एका कॉलेजच्या पोराने केलेल्या रेकॉर्डिंगमुळे

साल १९४०. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये मध्यरात्र उलटलेली. कामाची वेळ संपवून वादक मंडळी छोट्या क्लबांमध्ये जमायची, ती पैशासाठी नाही तर एकमेकांना ऐकायला. त्या गर्दीत कोलंबिया विद्यापीठात शिकणारा जेरी न्यूमन नावाचा पोरगा असायचा. सोबत एक मशीन. समोर चाललेलं वादन ते तिथल्या तिथे तबकडीवर कोरायचं.

त्या तबकड्यांवर एकजण सापडला, आर्ट टेटम. जॅझ पियानोतला बाप माणूस.

टेटम १३ ऑक्टोबर १९०९ चा, ओहायो राज्यातल्या टोलेडो शहरातला. लहानपणापासून मोतीबिंदू. ऑपरेशनं करून थोडं दिसायला लागलं होतं, पण तरुणपणी कुणीतरी हल्ला केला आणि त्यातलंही बरंचसं गेलं. उरली ती एका डोळ्याची अंधुक नजर. पियानो तो बराचसा कानानेच शिकला. रेडिओ, रेकॉर्ड आणि आपोआप वाजणाऱ्या पियानोचे कागदी रोल, हेच गुरू. दोघांनी मिळून वाजवलेला रोल ऐकून त्याने तो एकट्याने बसवला, अशी दंतकथाही सांगतात.

१९३२ मध्ये गायिका अ‍ॅडलेड हॉलच्या साथीला तो न्यूयॉर्कला आला. तिथे पियानोवाल्यांचे सामने रंगायचे, आपल्याकडच्या सवाल-जवाबासारखे. समोर होते जेम्स पी. जॉन्सन, फॅट्स वॉलर आणि विली 'द लायन' स्मिथ, म्हणजे हार्लेमचे वस्ताद. टेटमने 'टी फॉर टू' आणि 'टायगर रॅग' वाजवलं आणि विषय संपला.

तो नेमकं काय करायचा? ओळखीचं गाणं घ्यायचा आणि मध्येच त्याखालचे स्वरमेळ बदलून टाकायचा. दोन्ही हात सुसाट सुटायचे, ताल हरवला असं वाटायचं आणि पुढच्या क्षणी गडी बरोबर ठोक्यावर. समेवर दाद देणाऱ्याला ही गंमत वेगळी समजवायला नको. नक्षीकाम फार करतो अशी टीकाही झाली, पण व्लादिमीर होरोविट्झसारखा शास्त्रीय पियानोवादक त्याचा चाहता होता.

१९५३ च्या डिसेंबरमध्ये निर्माता नॉर्मन ग्रान्झने त्याला स्टुडिओत बसवलं. दोन दिवसांत सत्तरच्या आसपास रचना झाल्या, बहुतेक पहिल्याच फटक्यात. हे रेकॉर्डिंग स्वच्छ, सुबक आहे. पण टेटमचं खरं राज्य रात्री होतं. जाहीर कार्यक्रम संपला की तो पहाटेपर्यंत कुठल्यातरी क्लबात वाजवत बसायचा, सोबत बिअर. ते वादन हवेत विरून जायचं.

५ नोव्हेंबर १९५६ ला लॉस एंजेलिसमध्ये मूत्रपिंडं निकामी होऊन तो गेला. वय अवघं ४७.

न्यूमनच्या तबकड्या मात्र टिकल्या. १९७३ मध्ये त्यांचा अल्बम निघाला, 'गॉड इज इन द हाऊस'. नावामागे वॉलरचा किस्सा आहे: तो वाजवत असताना टेटम क्लबात आला, तेव्हा आज देवच घरी आलाय असं त्याने लोकांना सांगितलं म्हणे. पुढच्या वर्षी अल्बमला ग्रॅमी मिळाला.

आवाज खरखरीत आहे, मागे लोकांची बडबड आहे. आणि भल्याभल्यांना पियानोवरून उठवणारा हा माणूस त्यात हळू आवाजात ब्लूज गातानाही ऐकू येतो.