ऑफिसच्या भिंतीवर एईडी असतो, त्यामागचा माणूस डॉक्टर नव्हता तर वीज इंजिनिअर होता

विमानतळ, मॉल, मोठी आयटी कंपनी अशा ठिकाणी भिंतीवर एक पेटी दिसते. तिच्यावर हृदयाचं चित्र, त्यातून गेलेली विजेची रेघ आणि ए.ई.डी. अशी तीन अक्षरं असतात. रोज तिच्यासमोरून शेकडो लोक जातात. ती उघडते कशी, आतली बॅटरी चालू आहे का, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं.

एखाद्याचं हृदय अचानक बंद पडलं तर शॉक देऊन ते पुन्हा चालू करणारं हे मशीन आहे. आणि त्याची गोष्ट सुरू होते ती खांबावर चढून काम करणाऱ्या वायरमनपासून.

वायरमन मरत होते आणि कारण कळत नव्हतं

विल्यम कोवेनहोवेन यांचा जन्म १३ जानेवारी १८८६ चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला. शिक्षण इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचं. जर्मनीतल्या कार्ल्सरूहमधून १९१३ मध्ये डॉक्टरेट घेतली आणि १९१४ ला ते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकवायला आले. पुढे तिथल्या इंजिनिअरिंग शाखेचे डीनही झाले.

१९२० च्या दशकात अमेरिकेत घरोघरी वीज पोहोचत होती आणि तारांवर काम करणारे कामगार शॉक लागून मरत होते. न्यूयॉर्कच्या वीज कंपनीला याची चिंता होती. शॉकने माणूस नेमका कशामुळे मरतो, हे शोधण्यासाठी पैसा उभा राहिला आणि काम हॉपकिन्सकडे आलं. कोवेनहोवेन यांच्यासोबत डोनाल्ड हूकर आणि ऑर्थेलो लँगवर्दी हे दोन तज्ज्ञ होते.

कुत्र्यांवर प्रयोग झाले. त्यात दिसलं की विजेच्या झटक्याने हृदय अनेकदा थांबत नाही, ते थरथरायला लागतं. स्नायूचा प्रत्येक भाग आपापल्या तालात आकसतो, त्यामुळे रक्त पुढे ढकललंच जात नाही. याला फिब्रिलेशन म्हणतात.

मग तोच काटा काट्याने काढायचं ठरलं. थरथरणाऱ्या हृदयाला आणखी एक ठरावीक शॉक दिला तर सगळे स्नायू एकदम शांत होतात आणि हृदय आपला मूळ ठेका पुन्हा पकडू शकतं. असं होऊ शकतं हे जिनिव्हातल्या दोन शास्त्रज्ञांना १८९९ मध्येच दिसलं होतं, पण त्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नव्हतं. हॉपकिन्सच्या टीमने १९३३ मध्ये ते ठामपणे मांडलं.

छाती न फाडता शॉक कसा द्यायचा?

१९४७ मध्ये क्लीव्हलँडचे सर्जन क्लॉड बेक यांनी ऑपरेशन टेबलावर हृदय बंद पडलेल्या १४ वर्षांच्या मुलाला शॉक देऊन वाचवलं. पण त्यासाठी छाती उघडी असावी लागली. खांबावरून खाली उतरवलेल्या वायरमनसाठी त्याचा उपयोग शून्य होता.

म्हणून १९५० च्या दशकात वीज कंपन्यांच्या संघटनेने पुन्हा पैसे दिले आणि कोवेनहोवेन बंद छातीवरून शॉक देणाऱ्या मशीनच्या मागे लागले. १९५४ च्या सुमारास ते डीनपदावरून निवृत्त झाले. त्या वयात लोक बागकाम करतात. हे गृहस्थ हॉपकिन्सच्या सर्जरी विभागात जाऊन बसले, प्रयोगशाळा तिथेच थाटली. १९५६ मध्ये बोस्टनचे डॉ. पॉल झोल यांनी माणसावर बाहेरून शॉक देऊन दाखवला आणि १९५७ पर्यंत कोवेनहोवेन यांचंही मशीन तयार झालं. अवजड, आणि प्लग लावल्याशिवाय न चालणारं.

त्याच वर्षी एक माणूस हार्ट अटॅक येऊन हॉपकिन्सच्या इमर्जन्सी विभागात आला आणि कपडे बदलतानाच कोसळला. ड्युटीवरच्या एका तरुण डॉक्टरला वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेतलं मशीन आठवलं. तो धावत गेला, पहारेकऱ्याची समजूत काढली, मशीन खाली आणलं, शॉक दिला. माणूस वाचला.

आता यातलं एकेक पाऊल काढून बघा. मशीन कुठे आहे हे त्याला माहीत नसतं तर? पहारेकऱ्याने दार उघडलं नसतं तर? मशीन बिघडलेलं असतं तर? कोवेनहोवेन यांची तीस वर्षांची मेहनत त्या रात्री वाया गेली असती.

मशीन येईपर्यंत काय करायचं?

याचंही उत्तर त्याच प्रयोगशाळेत सापडलं. १९५८ मध्ये गाय निकरबॉकर या तरुण सहकाऱ्याच्या लक्षात आलं की शॉकची जड तांब्याची पॅडल्स कुत्र्याच्या छातीवर दाबली की शॉक देण्याआधीच रक्तदाब थोडा वाढतो. म्हणजे नुसत्या दाबण्यानेही रक्त पुढे सरकत होतं. एकदा प्रयोगात एका कुत्र्याचं हृदय थरथरू लागलं आणि मशीन दुसऱ्याच मजल्यावर होतं. ते येईपर्यंत छाती दाबत राहिले आणि कुत्रा वाचला.

सर्जन जेम्स ज्यूड यांनी हीच पद्धत पेशंटवर वापरली. १९६० मध्ये तिघांनी मिळून शोधनिबंध छापला. त्यातल्या २० पेशंटपैकी १४ जण वाचले होते. आज जगभर शिकवला जाणारा सीपीआर यातूनच उभा राहिला. छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसात ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब द्यायचा. यासाठी यंत्र लागत नाही, दोन हात पुरतात.

मेडिकल कॉलेजची पायरी कधी न चढलेल्या या इंजिनिअरला १९६९ मध्ये हॉपकिन्सने मानद एम.डी. पदवी दिली. १९७३ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला, पॉल झोल यांच्याबरोबर. १० नोव्हेंबर १९७५ ला, वयाच्या ८९ व्या वर्षी कोवेनहोवेन गेले.

बॅटरी आली, तशी नवी जबाबदारीही आली

मशीन प्लगपासून सुटलं ते इतरांच्या हातून. १९६५ मध्ये बेलफास्टच्या डॉ. फ्रँक पँट्रिज यांनी कारच्या बॅटरीवर चालणारा डिफिब्रिलेटर ॲम्ब्युलन्समध्ये बसवला. त्याचं वजन सुमारे ७० किलो होतं. आजचा एईडी एका हातात उचलता येतो. तो हृदयाचा ठेका स्वतः तपासतो, गरज असेल तरच शॉक देतो आणि पुढे काय करायचं ते बोलून सांगतो.

पण भिंतीतली वीज आपोआप येते, बॅटरी मात्र गुपचूप उतरते. एईडी वर्षानुवर्षं स्टँडबायवर असतो, स्वतःची चाचणी स्वतः करतो आणि ही चाचणीसुद्धा बॅटरीवरच चालते. छातीवर चिकटवायच्या पॅडमध्ये जेल असतं. ते कालांतराने सुकतं, मग पॅड नीट चिकटत नाही आणि शॉक पोहोचत नाही. म्हणून पॅडच्या पाकिटावर एक्सपायरी डेट असते, औषधावर असते तशीच.

हृदय बंद पडल्यावर मदत मिळाली नाही, तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. त्या मिनिटांत सुकलेलं पॅड बघून कुणी नवं मागवू शकत नाही.

मग ऑफिसमध्ये काय करायला हवं? सगळ्यात आधी, एईडीची जबाबदारी एका माणसाच्या नावावर हवी. ॲडमिन बघेल, सिक्युरिटी बघेल असं म्हटलं की कुणीच बघत नाही. तो माणूस रजेवर असेल तर दुसरा कोण, हेही ठरलेलं हवं. स्थिती दाखवणारा दिवा किंवा खूण रोज जाता-येता बघायची. बहुतेक मशीनवर हिरवं म्हणजे तयार. मशीन अधूनमधून बीप करत असेल तर ती तक्रार समजायची. महिन्यातून एकदा पॅड आणि बॅटरीच्या तारखा तपासून वहीत नोंद करायची, नवं सामान तारीख उलटण्याआधीच मागवायचं. मशीन वापरलं गेलं तर त्याच दिवशी नवे पॅड भरायचे. पेटीत कात्री, रेझर, हातमोजे आणि पुसायला कापड आहे ना, तेही बघायचं.

आणि पेटीला कुलूप लावून किल्ली साहेबांच्या ड्रॉवरमध्ये ठेवायची नाही. १९५७ मध्ये पहारेकऱ्याने ऐकलं, प्रत्येक वेळी कुणी ऐकेलच असं नाही.

कुणी कोसळलं, हाक मारून प्रतिसाद देत नसेल, श्वास नीट चालत नसेल, तर एकाने १०८ ला फोन करायचा, दुसऱ्याने एईडी आणायला पळायचं आणि तिसऱ्याने लगेच छाती दाबायला सुरुवात करायची. एकटेच असाल तर फोन स्पीकरवर टाकून हात छातीवर ठेवायचे.

हे सगळं सुरू झालं ते कामावर गेलेला माणूस संध्याकाळी घरी परत यावा म्हणून. उद्या ऑफिसला गेलात की त्या पेटीसमोर दहा सेकंद थांबा. दिवा हिरवा आहे का आणि पॅडची तारीख काय आहे, एवढं बघा. तारीख उलटली असेल तर ज्याचं काम आहे त्याला त्याच वेळी सांगा.