मोलेसरसाहेबांचा कोश आणि आपली माळ

तळेगाव दाभाड्याच्या बाजारात कोणी विचारले, की अमक्याने माळ घातली का, तर त्याची फोड करावी लागत नाही. मांसमद्य सुटले, एकादशी लागली, पंढरीची वारी पत्करली, हे सारे त्या दोन शब्दांत आले. देहूच्या शेजारचा हा मुलूख, इथे पोरासही ते कळते. पण परमुलखातल्या माणसाने कोश उघडला तर? त्याला माळ सापडेल, घालणे सापडेल, आणि तो समजेल, की फुलांचा हार घातला असेल! मग असा प्रयोग कोशात निराळा नोंदावा की नाही? शब्द तर दोन्ही आहेतच, असे कोणी म्हणेल. ह्या विचारात ज्यांनी आयुष्य वेचले, अशा एका परक्या माणसाचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

जेम्स टॉमस मोल्सवर्थ यांचा जन्म 1795 साली विलायतेत झाला. तरुणपणीच ते कंपनी सरकारच्या फौजेत हिंदुस्थानात आले. सोलापूरच्या छावणीत असताना मराठीची गोडी लागली, आणि टॉमस कँडी या सोबत्याबरोबर शब्द टिपणे सुरू झाले. पुढे कँडींचे जुळे बंधू जॉर्ज हेही येऊन मिळाले. सरकारची मान्यता मिळाल्यावर साहेबांनी शास्त्रीमंडळी हाताशी धरली आणि कामाला लागले. 1831 साली सुमारे चाळीस हजार शब्दांचा मराठी-इंग्रजी कोश छापून निघाला. लोकांच्या जिभेला मोल्सवर्थ जड गेले, म्हणून ते मोलेसर झाले!

कामाची रीत मोठी कष्टाची. नुसत्या पोथ्या चाळून हा कोश झाला नाही. लोकांच्या बोलण्यातला शब्द आणायचा, तो शास्त्र्यांपुढे ठेवायचा, कोणत्या अर्थाने चालतो ते पारखायचे. कोकणातला असेल तर तशी खूण करायची. संस्कृतातला भारदस्त शब्द आणि कुणब्याच्या तोंडचा रांगडा शब्द, दोघांनाही एकाच पंगतीत पाट मिळाला. वाक्प्रचारांना त्यांनी बहुधा मूळ शब्दाच्या पोटात जागा दिली. वारी आणि वारकरी हे शब्दही त्या कोशात मानाने बसले आहेत.

साहेब स्वधर्माचे कडवे. लष्करी पेशा मनाला पटेना, म्हणून तो त्यांनी सोडला. प्रकृती ढासळली आणि 1836 साली ते मायदेशी परतले. इंग्रजी-मराठी कोशाचे अर्धे राहिलेले काम कँडींनी 1847 साली पुरे केले. मोलेसरांचे काम संपले असे कोणालाही वाटावे; पण 1851 साली, वयाची पन्नाशी उलटल्यावर, ते पुन्हा आले आणि आपलाच ग्रंथ नव्याने तपासू लागले. 1857 साली दुसरी आवृत्ती निघाली. शब्द साठ हजारांवर गेले. 1871 साली विलायतेत त्यांचा देह पडला. पुण्यात 1975 साली त्या कोशाचे पुनर्मुद्रण झाले आणि अभ्यासक तो अजून उघडतात.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आमच्या मते कसोटी सोपी आहे. दोन शब्दांचे अर्थ जोडून पुरा अर्थ निघत असेल, तर निराळी नोंद नको. लाल माळ म्हणजे लाल रंगाची माळ, संपले. पण माळ घालणे म्हणजे माणसाची राहणी पालटणे. हा अर्थ ना माळेत आहे ना घालण्यात. लग्नमंडपात वधू माळ घालते, तो अर्थ आणखी निराळा. म्हणून नोंद हवीच. फार वापरात आहे, सर्वांना ठाऊक आहे, म्हणून लिहायला नको, हे म्हणणे घातक. ठाऊक असणारी माणसे गेली, की अर्थही त्यांच्याबरोबर जातो.

तळेगावकरांना हे सांगायला नको. तुकोबांची गाथा सरकारी खर्चाने छापण्याचे काम निघाले, पहिला खंड 1869 साली बाहेर पडला. त्यासाठी पाहिलेल्या जुन्या वह्यांत तळेगावची एक वही होती. कोणा भाविकाने ती लिहून जपली, म्हणून ती त्या वेळी हाताशी आली.

तेव्हा वाचकहो, वीणा घेणे, पहारा देणे, काला करणे, असे शेकडो प्रयोग आपल्या दिंडीत रोज चालतात. म्हाताऱ्या विणेकऱ्यांना विचारून, गावाचे नाव घालून, ते अर्थासह एका वहीत उतरवून ठेवा. परमुलखातून आलेल्या माणसाने आपल्या बोलीसाठी एवढे केले. आपल्याच्याने एक वही होणार नाही काय?