कान्होजी आंग्रे : कोकणचं आरमार आणि जहाजाच्या तळाचं तंत्र

पावसाळ्यात मालवणला गेलात तर किनाऱ्यावर वर ओढून ठेवलेल्या होड्या दिसतील. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. या काळात कुणी होडीचा तळ खरवडत असतं, कुणी घासत असतं, कुणी रंग लावत असतं. फोटो छान येतो, पण हे काम शोभेसाठी नाही. होडीचा जो भाग पाण्याखाली असतो, त्याच्यावरच तिचा वेग आणि आयुष्य ठरतं.

ही गोष्ट ३०० वर्षांपूर्वी ज्यांना नीट कळली होती, त्यांच्यापैकी एक म्हणजे कान्होजी आंग्रे. आज त्यांच्या आयुष्याबद्दल आणि या तंत्राबद्दल सोप्या भाषेत जाणून घेऊया.

कान्होजी आंग्रे कोण होते?

कान्होजींचा जन्म १६६९ चा मानला जातो. घराण्याचं मूळ आडनाव संकपाळ. पुण्याजवळच्या आंगरवाडीवरून ते आंग्रे झाले. वडील तुकोजी हे शिवाजी महाराजांच्या आरमारात होते. कान्होजींचं लहानपण हर्णैजवळच्या सुवर्णदुर्गाच्या परिसरात गेलं. म्हणजे भरती-ओहोटी, वारा, खडक आणि गलबतं हीच त्यांची शाळा.

पुढे मुघलांशी लढाई चालू असताना कान्होजींनी सुवर्णदुर्ग राखला आणि नाव कमावलं. १६९८ च्या सुमारास आरमाराची सूत्रं त्यांच्याकडे आली. सरखेल हा किताब त्यांच्या नावाला कायमचा जोडला गेला. सरखेल म्हणजे आरमाराचा प्रमुख. अलिबागचा कुलाबा आणि आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातला विजयदुर्ग ही त्यांची मोठी ठाणी. शाहू महाराज आणि ताराबाई यांच्यात वाद होता, तेव्हा कान्होजी आधी ताराबाईंच्या बाजूने होते. १७१३-१४ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी बोलणी केली आणि कान्होजी शाहू महाराजांच्या बाजूला आले.

त्यांची जहाजं कशी होती?

दोन नावं लक्षात ठेवा : गुराब आणि गलबत. गुराब मोठी, दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, पुढच्या बाजूला तोफा असलेली. गलबत लहान आणि हलकं. त्याला शिडं तर असायचीच, शिवाय ४०-५० वल्हीही असायची. वारा पडला की मोठं परदेशी जहाज जागच्या जागी अडकायचं. गलबतं मात्र वल्ह्यांवर चालायची, गुराबेला दोराने ओढत न्यायची आणि शत्रूच्या मागच्या बाजूने, जिथे त्याच्या तोफा कमी, तिथून मारा करायची.

या जहाजांना खोल पाणी लागायचं नाही. त्यामुळे संकट आलं की ती खाडीत शिरायची, आणि खोल तळाच्या मोठ्या जहाजाला तिथे मागे येणं अवघड व्हायचं.

मग अडचण काय होती?

अडचण पाण्याखाली होती. उबदार समुद्रात जहाज नुसतं उभं राहिलं तरी काही दिवसांत तळावर बुळबुळीत थर जमतो. मग शेवाळ येतं. त्यानंतर कठीण कवचाचे बार्नेकल घट्ट चिकटतात. तळ खडबडीत झाला की पाण्याशी घर्षण वाढतं आणि वेग कमी होतो. फोनमध्ये मागे वीस ॲप चालू राहिली की तो जसा रेंगाळतो, तसंच समजा.

दुसरा शत्रू याहून वाईट. टेरेडो नावाचा जीव लाकूड आतून पोखरतो. दिसतो किड्यासारखा, पण नात्याने तो शिंपल्यांचा भाऊबंद. बाहेरून फळी चांगली दिसते, आतून मात्र चाळण झालेली असते. अशा जहाजावर तोफा चढवून लढाईला जाणं म्हणजे जिवाशी खेळ.

त्या काळी यावर पक्का इलाज नव्हता. तळाला तांब्याचा पत्रा मारायचा प्रयोग ब्रिटिश आरमाराने १७६१ मध्ये अलार्म या जहाजावर केला, म्हणजे कान्होजींच्या मृत्यूनंतर ३२ वर्षांनी. तोपर्यंत सगळ्यांना एकच मार्ग : जहाज ठराविक काळाने कोरडं करायचं, तळ खरवडायचा, फळ्यांमधल्या फटी बुजवायच्या आणि नवा लेप द्यायचा. आपल्या किनाऱ्यावर त्यासाठी राळ, माशाचं तेल, चुना आणि तेलाचं मिश्रण अशा वस्तू वापरात होत्या.

विजयदुर्गची गोदी

इथे सिंधुदुर्गचं महत्त्व कळतं. विजयदुर्ग किल्ल्यापासून थोडं आत, वाघोटन खाडीच्या काठी गिर्ये गावाजवळ, खडक खोदून केलेली गोदी आजही आहे. लांबी सुमारे १०९ मीटर, रुंदी सुमारे ७० मीटर. आंग्र्यांच्या आरमाराची गोदी म्हणून ती ओळखली जाते.

तिचं तत्त्व अगदी साधं. भरतीला जहाज आत घ्यायचं. ओहोटीला पाणी उतरलं की तळ उघडा पडतो. मग कामाला लागायचं. उधाणाच्या दिवसांत पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, म्हणून मोठ्या जहाजासाठी तिथी बघायची. ना पंप, ना क्रेन. चंद्राचं गणित माहीत असलं की झालं.

आता याचा लढाईशी संबंध बघा. इंग्लंडहून निघालेलं जहाज महिनोन्महिने समुद्रात राहून इथे पोचायचं, तोवर त्याच्या तळावर बराच थर जमलेला असायचा. आंग्र्यांच्या जहाजांना मात्र घर जवळ होतं. तळ साफ करायचा आणि पुन्हा समुद्रात उतरायचं.

इंग्रज का हरत राहिले?

समुद्रात फिरायचं तर आमचा परवाना घ्या, असं कान्होजींचं धोरण होतं. या परवान्याला दस्तक म्हणत. पोर्तुगीज स्वतः तेच करत होते. पण कान्होजींनी केलं तर युरोपियन त्यांना चाचा ठरवू लागले. १७१२ मध्ये कान्होजींच्या आरमाराने मुंबईच्या इंग्रज गव्हर्नरची नौकाच पकडली.

मग हल्ले सुरू झाले. १७१७ मध्ये इंग्रज विजयदुर्गावर आले, परत गेले. १७१८ मध्ये खांदेरीवर आले, तिथेही जमलं नाही. १७२० मध्ये त्यांनी फ्रॅम नावाचा जाड भिंतींचा, सपाट तळाचा तरंगता तोफखाना बनवून विजयदुर्गासमोर आणला. तोही फसला. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून कुलाब्यावर आले, तरी किल्ला पडला नाही.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजींचं निधन झालं. त्यांची समाधी अलिबागला आहे.

पुढे काय झालं?

हा भाग वाचताना वाईट वाटतं. मुलांमध्ये भांडणं झाली आणि आंग्र्यांची सत्ता कुलाबा आणि विजयदुर्ग अशी वाटली गेली. विजयदुर्गचे तुळाजी आंग्रे आणि पेशवे यांचं बिनसलं. फेब्रुवारी १७५६ मध्ये पेशव्यांशी हातमिळवणी करून इंग्रजांनी विजयदुर्गावर हल्ला केला. एका जहाजाला आग लागली, ती शेजारच्या जहाजांवर पसरली आणि बघता बघता आरमार जळून गेलं. तेल आणि राळ प्यायलेलं लाकूड ते, पेटायला किती वेळ लागणार? कान्होजींनी जे आयुष्यभर जपलं, ते आपसातल्या फुटीमुळे २७ वर्षांत संपलं.

आज नवी होडी पाण्यात ठेवायची असेल तर?

तत्त्व तेच आहे, साहित्य बदललंय. फायबरची नवी होडी कायम पाण्यात नांगरून ठेवणार असाल तर क्रम असा :

१. आधी मेण काढा. साच्यातून आलेल्या होडीवर मेणाचा थर असतो. तो न काढता घासलात तर मेण आणखी आत जातं आणि रंग पापडासारखा सुटतो.

२. पॉलिश पेपरने पृष्ठभाग हलका खरखरीत करा, गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण सुकू द्या.

३. इपॉक्सी प्रायमरचे हात द्या. दोन हातांमध्ये किती वेळ थांबायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं. तिथे घाई नको.

४. वर अँटीफाउलिंग रंगाचे दोन-तीन हात. पाण्याच्या रेषेजवळ एक हात जादा, कारण तिथे शेवाळ लवकर धरतं.

५. गंज स्वतःवर घेणाऱ्या जस्ताच्या तुकड्यांवर रंग लावू नका, नाहीतर त्यांचं काम बंद पडतं. इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या भागाला तांबंयुक्त रंग लावू नका, ॲल्युमिनियम खराब होतं.

मास्क आणि हातमोजे विसरू नका. हे रंग विषारी असतात, म्हणून तर जीव चिकटत नाहीत. टीबीटी नावाच्या रसायनाने शंख-शिंपल्यांचंच नुकसान व्हायला लागलं, म्हणून २००१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने त्यावर बंदी आणली. तो करार २००८ पासून लागू आहे. जुना रंग खरवडताना पडणारा चुराही समुद्रात जाऊ देऊ नका. मासे आपल्यालाच खायचे आहेत.

होडी रोज वाळूवर ओढत असाल तर हा महागडा रंग घासून जातो. तिथे आपली जुनी पद्धतच बरी : वर घ्या, धुवा, सुकवा.

पुढच्या वेळी विजयदुर्गला गेलात तर किल्ला बघून लगेच परत फिरू नका. ओहोटीची वेळ मोबाईलवर बघा आणि गिर्येची गोदीही बघून या.