समाधी नसलेला गायक : फ्रेडी मर्क्युरी

वाईहून पाचगणीकडे निघाले की घाटाच्या पायथ्याशी पसरणी हे गाव लागते. शाहीर साबळे यांचे हे जन्मगाव. तोच घाट चढून माथ्यावर पोचले की पाचगणी येते. तेथील सेंट पीटर्स या निवासी शाळेत १९५५ साली झांझिबारहून आलेला एक पारशी मुलगा दाखल झाला. वयाची नऊ वर्षेदेखील त्याला पुरी व्हायची होती. नाव फारोख बोमी बलसारा. हाच मुलगा पुढे फ्रेडी मर्क्युरी या नावाने जगाला ठाऊक झाला. एकाच घाटाच्या पायथ्याला आणि माथ्याला असे दोन आवाज निघावेत, हा निव्वळ योगायोग. त्यातून काही सिद्ध होत नाही. पण आठवल्यावाचून राहवतही नाही.

रॉक संगीत म्हणजे धांगडधिंगा, असे आपल्यापैकी पुष्कळांचे, विशेषतः आपल्या गुरुजनांचे मत आहे. ते बदलावे हा या लेखाचा उद्देश नाही. मला कुतूहल आहे ते या गायकावर जीव ओवाळून टाकणाऱ्या माणसांचे. पंढरपूर आणि अक्कलकोट ज्या जिल्ह्यात आहेत तेथील माणसाला भक्तीविषयी कोणी नवे काय सांगावे? तरीही या गायकाच्या भक्तांची रीत पाहिली की विचारात पडायला होते.

फारोखचा जन्म झांझिबार येथे ५ सप्टेंबर १९४६ रोजी झाला. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यालगतच्या या बेटावर तेव्हा इंग्रजांचा अंमल होता आणि वडील बोमी हे त्यांच्या कचेरीत कॅशियर होते. आईचे नाव जेर. कश्मीरा ही धाकटी बहीण. बलसारा हे आडनाव गुजरातेतील बलसाडवरून, म्हणजे आजच्या वलसाडवरून आलेले. घरची स्थिती बरी होती. मुलाला चांगले इंग्रजी शिक्षण मिळावे म्हणून आईबापांनी त्याला समुद्रापलीकडे पाठवले. सुट्टीत इतर मुले आपापल्या घरी जात. याचे घर मात्र आगबोटीच्या वाटेवर कितीतरी दिवस लांब. मग मुंबईतल्या नातलगांकडे राहायचे. आठ वर्षांचे पोर एवढ्या लांब ठेवण्याने त्याच्या मनावर काय परिणाम झाला असेल याबद्दल चरित्रकारांनी पानेच्या पाने भरली आहेत. इतके खरे की तो लाजाळू होता. वरच्या जबड्यात जास्तीचे दात असल्याने त्याचे पुढचे दात बाहेर आलेले होते आणि मुले त्यावरून त्याला चिडवीत. पुढे हाताशी पैसा आल्यावरही त्याने ते दात काढून घेतले नाहीत. आवाज बदलेल अशी त्याला धास्ती होती.

फ्रेडी हे नाव या शाळेतच पडले. मुष्टियुद्ध, टेबल टेनिस, नाटक, चित्रकला, सगळ्यात तो होता. पण त्याची खरी ओढ शिक्षकांच्या ध्यानात आली ती पियानोपाशी. एकदा कानावर पडलेली चाल तो पियानोवर वाजवून दाखवी. मुख्याध्यापकांनी आईवडिलांना पत्र लिहून जादा फी भरून त्याला संगीत शिकवण्याविषयी सुचवले आणि त्यांनीही ते मानले. शाळेच्या शिस्तीच्या गोष्टी आपण नेहमी ऐकतो. असे एक पत्र लिहिण्याला किती मोल आहे हे मात्र कोणी मोजत नाही. १९५८ च्या सुमारास पाच मुलांनी 'द हेक्टिक्स' नावाचे वाद्यवृंद-मंडळ काढले. फ्रेडी त्यात पियानो वाजवी. क्लिफ रिचर्ड आणि लिटल रिचर्ड यांची गाणी ही मुले शाळेच्या समारंभात सादर करीत. जवळच्या मुलींच्या शाळेतील श्रोत्यांकडून आरडाओरडीसह दाद मिळे म्हणतात. फ्रेडीचे पहिले चाहते ते हेच, पाचगणीच्या थंडीत स्वेटर घालून बसलेले.

शेवटच्या वर्षांत अभ्यास मागे पडला आणि १९६३ मध्ये तो झांझिबारला परतला. जानेवारी १९६४ मध्ये तेथे क्रांती झाली, रक्तपात झाला, आणि अनेक हिंदी व अरब कुटुंबांप्रमाणे बलसारा कुटुंबही हाताला येईल ते घेऊन बाहेर पडले. लंडनच्या विमानतळाजवळील फेल्टहॅम या उपनगरात त्यांनी बिऱ्हाड केले. फ्रेडीने विमानतळावर सामान हलवण्याचे काम केले, ईलिंगच्या कलाविद्यालयात ग्राफिक कलेचे शिक्षण घेऊन १९६९ मध्ये पदविका मिळवली आणि केन्सिंग्टनच्या बाजारात जुन्या कपड्यांचा ठेलाही चालवला.

या काळातील एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. फ्रेडी स्वतःच तेव्हा एक भक्त होता. त्याचे दैवत गिटारवादक जिमी हेंड्रिक्स. त्याची चित्रे काढावीत, भिंतीवर लावावीत, कार्यक्रमामागून कार्यक्रम गाठावेत, हा त्याचा क्रम. १८ सप्टेंबर १९७० रोजी हेंड्रिक्स वारला तेव्हा फ्रेडीने आणि त्याचा भागीदार मित्र रॉजर टेलर याने त्या दिवशी दुकान बंद ठेवले. पुढील आयुष्यात लाखोंचा समुदाय त्याने सहज वश केला त्याचे रहस्य काही अंशी येथे असावे. समोर उभ्या असलेल्या माणसाला काय हवे असते हे तो त्या गर्दीत उभा राहून शिकला होता.

त्याच वर्षी ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्या मंडळाचा गायक सोडून गेला आणि फ्रेडी त्यांत सामील झाला. मंडळाला 'क्वीन' हे नाव त्यानेच दिले आणि स्वतःसाठी मर्क्युरी हे आडनाव घेतले. मर्क्युरी म्हणजे बुध ग्रह, आणि पारासुद्धा. हातात न सापडणाऱ्या माणसाला दुसरा अर्थ अधिक शोभतो. १९७१ मध्ये जॉन डीकन आल्यावर चौकडी पुरी झाली. मंडळाचे बोधचिन्हही फ्रेडीने काढले. चौघांच्या राशींप्रमाणे दोन सिंह, एक खेकडा आणि कन्या राशीसाठी दोन पऱ्या. वर पंख पसरलेला फिनिक्स पक्षी. ईलिंगची पदविका फुकट गेली नाही.

१९७५ साली आलेले 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हे त्याचे गाणे जवळजवळ सहा मिनिटांचे. एवढे लांब गाणे रेडिओवर कोण वाजवणार, असा धंद्यातील जाणकारांचा सवाल होता. त्यात मध्येच पाश्चात्त्य संगीतनाटकाच्या धर्तीचा भाग, आणि आवाजावर आवाज चढवून केलेला मोठा गायनवृंद; तोही फक्त तिघांच्या गळ्यांतून तयार केलेला. ते इंग्लंडमध्ये नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले.

पण गाण्यांची यादी देत बसत नाही. फ्रेडीची खरी किमया मंचावर होती, आणि ती समजायला आपल्याला परदेशी पुस्तके नकोत. कीर्तनकार एक चरण म्हणतो आणि टाळकरी तो उचलतात. शाहीर गातो आणि झीलकरी झील धरतात. फ्रेडी नेमके हेच करी. एक लांबलचक तान घ्यायची आणि ती सबंध मैदानाकडून म्हणवून घ्यायची. मग दुसरी, पहिलीपेक्षा अवघड. १३ जुलै १९८५ रोजी इथिओपियातील दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी लंडनच्या वेम्बली मैदानावर 'लाइव्ह एड' हा कार्यक्रम झाला. सुमारे ७२,००० लोक जमले होते. ती गर्दी एकट्या क्वीनसाठी आलेली नव्हती. इतर अनेक नामवंत गायक त्या दिवशी होते. भर उन्हात, दिव्यांच्या झगमगाटाशिवाय, वीस-एकवीस मिनिटांत या माणसाने ती सारी गर्दी आपलीशी केली. हातात अर्धाच दांडा असलेला ध्वनिक्षेपक. तोही सुरुवातीच्या दिवसांत एका कार्यक्रमात दांडा मोडला म्हणून तसाच ठेवलेला. गाण्याच्या ठेक्यावर ७२,००० जोड्या हात एकाच वेळी डोक्यावर टाळी देताना चित्रफितीत दिसतात.

त्याहूनही मला नवल वाटते ते ब्राझीलचे. १९८१ मध्ये साओ पावलो येथे लाखाहून अधिक श्रोत्यांपुढे त्याने आपले एक शांत प्रेमगीत सुरू केले आणि पुढे ते श्रोत्यांनीच म्हटले. पोर्तुगीज बोलणाऱ्या लोकांनी, इंग्रजीत, शब्दन् शब्द. फ्रेडी बाजूला उभा राहून ऐकत होता. सोलापूरकराला हे पटायला जड जाऊ नये. सिद्धेश्वराच्या यात्रेत अक्षता सोहळ्याच्या वेळी सम्मती कानडीत म्हटली जाते. जमलेल्यांत मराठी आणि तेलुगू बोलणारे किती असतात! अक्षता टाकायला कोणाचा हात अडत नाही.

आपल्याकडे असा जीव बालगंधर्वांवर लोकांनी टाकला. त्यांच्या लुगडे नेसण्याच्या रीतीचे अनुकरण घरंदाज स्त्रियांनी केले, आणि आवाज थकल्यावरही जुने भक्त त्यांना सोडून गेले नाहीत. पुरुषाने स्त्रीचे लावण्य रंगभूमीवर दाखवावे याचे तेव्हा कोणाला वावगे वाटले नाही. फ्रेडीचे भाग्य तसे नव्हते. त्याचे प्रेम पुरुषांवर होते. आरंभीची काही वर्षे मेरी ऑस्टिन ही त्याची सहचरी होती आणि पुढे जन्मभराची मैत्रीण राहिली. मंचावर तो जितका उघडा, खाजगीत तितकाच बंद होता. इंग्रजी वृत्तपत्रे त्याच्या मागे हात धुऊन लागली होती. आपण हिंदी वंशाचे आहोत, पाचगणीला शिकलो, याविषयीही तो फारसे बोलत नसे. यावरून त्याला आपल्या मुळाची लाज वाटत होती असे काहीजण लिहितात. मला हा निवाडा घाईचा वाटतो. १९६८ साली इनॉक पॉवेल या पुढाऱ्याने बाहेरून आलेल्यांविरुद्ध भाषण केले आणि इंग्लंड पेटले, त्या काळात तो एकवीस वर्षांचा विद्यार्थी होता. त्या वेळी नाव बदलणाऱ्या पोराला आज येथे बसून बोल लावणे सोपे आहे. तसेच तो आपला होता म्हणून आज मिरवणेही सोपे आहे. क्वीनने त्याच्या हयातीत भारतात एकही कार्यक्रम केला नाही, हेही मिरवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

९ ऑगस्ट १९८६ रोजी नेबवर्थ येथे त्याचा क्वीनसमवेतचा शेवटचा कार्यक्रम झाला. १९८७ मध्ये एड्सच्या विषाणूची बाधा झाल्याचे निदान झाले. त्याच सुमारास माँटसेरात काबाये या स्पॅनिश गायिकेबरोबर त्याने 'बार्सिलोना' हे गीत केले. तिचा तो मनस्वी चाहता होता. येथेही पुन्हा भक्तच. शेवटची दोन वर्षे शरीर झिजत असताना स्वित्झर्लंडमधील माँत्रे येथील ध्वनिमुद्रणगृहात तो जमेल तेवढे गात राहिला. उभे राहवत नसले तरी गळा शाबूत होता. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने आजाराचे जाहीर निवेदन काढले आणि दुसऱ्या दिवशी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्याचे देहावसान झाले. अंत्यविधी पारशी पुरोहितांनी जरथुष्ट्री प्रार्थना म्हणून केले. सगळी नावे बदलून झाल्यावर अखेरीस आईबापांची भाषा आणि प्रार्थना उपयोगी आली.

एड्स हा शब्द तेव्हा दबक्या आवाजात उच्चारला जाई. २० एप्रिल १९९२ रोजी वेम्बलीवर त्याच्या स्मरणार्थ मोठा कार्यक्रम झाला आणि त्या मिळकतीतून या रोगाशी लढण्यासाठी मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट हा न्यास उभा राहिला. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' पुन्हा पहिल्या क्रमांकावर आले आणि त्याचेही उत्पन्न रुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थेला गेले. चाहत्यांनी गाणे विकत घेतले आणि त्या पैशाचे औषधपाणी झाले. अशा भक्तीला धांगडधिंगा म्हणवत नाही.

आणि आता समाधीची गोष्ट. दहनानंतरची रक्षा मेरी ऑस्टिनकडे देण्यात आली. ती कोठे ठेवली हे तिने आजवर सांगितलेले नाही. फ्रेडीची इच्छाच तशी होती. मग फुले वाहायची कोठे? लोकांनी आपापली ठिकाणे शोधली. लंडनमध्ये त्याच्या 'गार्डन लॉज' या घराच्या भिंतीवर आणि हिरव्या दारावर जगभरच्या लोकांनी निरोप लिहिले, चिठ्ठ्या चिकटवल्या. वर्षानुवर्षे हे चालले. माँत्रेच्या सरोवराकाठी २५ नोव्हेंबर १९९६ रोजी त्याचा पुतळा उभा राहिला. अनावरण काबायेनेच केले. फेल्टहॅमच्या घरावर २०१६ साली निळी पाटी लागली, तेव्हा बहीण कश्मीरा आणि ब्रायन मे हजर होते. झांझिबारमध्ये २००६ साली त्याच्या साठाव्या जन्मदिनाचा सोहळा काही धार्मिक मंडळींच्या विरोधामुळे रद्द झाला होता. तेथेच २०१९ मध्ये त्याचे संग्रहालय उघडले. पाचगणीलाही लोक येतात आणि शाळेच्या फाटकापाशी उभे राहून छायाचित्रे काढून घेतात.

२०२३ मध्ये मेरीने घरातील वस्तू लिलावात काढल्या. लिलावापूर्वी त्या लंडनमध्ये विनामूल्य पाहायला ठेवल्या होत्या. सुमारे १,४०,००० माणसे रांगा लावून पाहून गेली. ज्या पियानोवर त्याने गाणी रचली तो १७ लाख पौंडांवर गेला. बागेचे ते हिरवे दारही विकले गेले, ४,१२,७५० पौंडांना. त्यावर शाईने, रंगाने आणि टोकदार वस्तूंनी कोरलेले चाहत्यांचे निरोप तसेच होते. लिहिणाऱ्यांपैकी कित्येकांचा जन्मच फ्रेडीच्या मृत्यूनंतरचा.